बाजारात उभे असलेले पदवीधर

रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात घटकाभर थांबून एकमेकांची विचारपूस करण्याची आमच्या धर्मग्रामात जुनी चाल आहे, आणि ती चांगली आहे. पूर्वी या विचारपुशीत आजारपण, सोयरीक, मुलांच्या परीक्षा असे विषय असत. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. शिक्षण पुरे झालेला मुलगा किंवा मुलगी समोर दिसली, की वडीलधारी मंडळी हटकून विचारतात, "मग, पॅकेज किती मिळालं?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न आम्हीही एका तरुणाला विचारला. लहानपणी तो वेदीसेवक होता. शहराबाहेरील एका महाविद्यालयातून तो अभियंता होऊन बाहेर पडला होता. आमच्या प्रश्नावर तो खाली पाहत एवढेच म्हणाला, "बघतोय, फादर." त्यानंतर पाच-सहा रविवार तो दिसला नाही. चौकशी केली तेव्हा त्याची आई संकोचून म्हणाली, "तो मिस्सा चुकवत नाही, फादर. जहांगिराबादच्या कॅथीड्रलला जातो. तिथं त्याला कुणी ओळखत नाही."

त्या माउलीचे हे शब्द आमच्या जिव्हारी लागले. ज्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच देवळाचे आवार आमच्या एका सहज प्रश्नाने त्याला परके झाले होते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवस मावळायला एक तास उरला असताना तो धनी बाजारात जातो आणि तेथे रिकाम्या उभ्या असलेल्या मजुरांना त्याचे कारण विचारतो. ते सांगतात, की त्यांना कोणी कामावर लावलेच नाही. या दाखल्यावर प्रवचन करताना आम्ही आजवर धन्याच्या औदार्यावर पुष्कळ बोललो. त्या मजुरांच्या उत्तराकडे मात्र आमचे फारसे लक्ष गेले नव्हते. आळशी माणूस घरी निजून राहतो; हे तर सायंकाळपर्यंत बाजारात ताटकळत उभे होते. आज आपल्या घरांतील पदवीधर मुले अशीच बाजारात उभी आहेत. आपण त्यांना धन्याचा प्रश्न विचारतो, परंतु त्यांचे उत्तर ऐकून घेण्यास थांबत नाही.

ते ऐकून घेणे आपल्याला का जड जाते, याचे कारण आपल्याच कुटुंबांच्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे आपली बिऱ्हाडे घेऊन येथे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या पिढीचा अनुभव साधा होता. मॅट्रिक झाला तो कारकून झाला, आयटीआय झाला तो कारखान्यात लागला, आणि पदवी मिळवली तो साहेब झाला. नोकरीबरोबर क्वार्टर मिळाले, दवाखाना मिळाला, मुलांना शाळा मिळाली. 'शिक म्हणजे नोकरी लागेल' हे वाक्य आपल्या आजोबांनी सांगितले ते खोटे नव्हते. त्यांच्या डोळ्यांदेखत ते खरे झाले होते. परंतु त्या कारखान्यातील कायम कामगारांची संख्या त्या काळाच्या मानाने आज फारच घटली आहे, सरकारी कचेऱ्यांतील पुष्कळ कामे कंत्राटाने दिली जातात, आणि पदवीधर मात्र शतपटींनी वाढले आहेत. वाक्य तेच राहिले. त्याच्यामागची परिस्थिती बदलली.

ती किती बदलली, हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ च्या मार्चमध्ये भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. वाचकांना हे विपरीत वाटेल. शिक्षणाने माणूस निकामी होतो, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या दरात त्याला करावे लागते. पदवीधराला मात्र आईबापांच्या आधारावर काही काळ वाट पाहता येते.

बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२३ चा अहवाल याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. पंचविशीच्या आतील पदवीधरांत बेकारी ४२ टक्क्यांहून अधिक होती; पस्तिशी ओलांडलेल्यांत ती ५ टक्क्यांच्याही खाली आलेली दिसते. म्हणजे आज ना उद्या बहुतेकांना काही तरी काम मिळते. ते मनाजोगते असते की परिस्थितीपुढे मान तुकवून पत्करलेले असते, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. मधली पाच-दहा वर्षे हीच खरी कसोटीची असतात, आणि त्याच वर्षांत आपण त्या मुलाला पॅकेज विचारतो.

आपल्या प्रांतात ही वर्षे बहुधा स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत जातात. २०२३ साली मध्य प्रदेशात पटवारी व तत्सम पदांची परीक्षा झाली. जागा नऊ हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज बारा लाखांहून अधिक आले. एका जागेमागे सव्वाशेहून जास्त उमेदवार. निकाल लागला, गैरव्यवहाराच्या तक्रारी झाल्या, जुलैत नेमणुका थांबल्या, चौकशी झाली, आणि नेमणूकपत्रे हाती पडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. त्यापूर्वी २०२१ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयात शिपाई, चालक, पहारेकरी अशा अवघ्या १५ जागांसाठी सुमारे अकरा हजार उमेदवार लोटले; त्यांत पदवीधर होते, द्विपदवीधरही होते. त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला 'तू प्रयत्न करत नाहीस' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता ज्यांना नोकरी मिळाली त्यांच्याकडे वळू. 'तीन लाखांचे पॅकेज' हे शब्द कानाला भारदस्त वाटतात. वर्षाचे तीन लाख म्हणजे महिन्याचे २५,०००. त्यांतील एक दशांश रक्कम पुष्कळदा वर्षाअखेरच्या कामगिरीवर ठेवलेली असते; ते २,५०० वजा करा. मूळ पगार निम्मा, म्हणजे १२,५०० धरला, तर भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा १,५०० आणि नोकराचा वाटा १,५००. दोन्ही रकमा अखेरीस त्या मुलाच्याच असतात, परंतु आज हाती येत नाहीत. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ६०० रुपये धरलेले असतात. ते कायम नोकरीत साधारणतः पाच वर्षे टिकल्यावरच मिळतात. उरले १८,९००. मुलगा पुण्याला नोकरीस गेला आणि खोलीचा वाटा, खाणावळ, जाणे-येणे मिळून १२,००० खर्च झाले, असे समजा. शिक्षणासाठी चार लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांच्या मुदतीवर घेतले असेल, तर त्याचा मासिक हप्ता सुमारे ६,७५० पडतो. हाती उरतात दीडशे रुपये. घरी मात्र आई शेजारणीला सांगत असते, की मुलाला तीन लाख मिळतात. आणि तो पैसे का पाठवत नाही, याचे बापाला कोडे पडते. मोठ्या संगणक कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याचा आरंभीचा पगार दहा-बारा वर्षांपूर्वीही तीन-साडेतीन लाखांच्या आसपास होता आणि आजही पुष्कळांना तेवढाच मिळतो. या काळात डाळ-तांदूळ, घरभाडे आणि महाविद्यालयांच्या फिया मात्र होत्या तेथे राहिलेल्या नाहीत.

पदवीची किंमत बाजारात किती धरली जाते, याचा एक मासला शासनाच्याच योजनेत सापडतो. २०२३ साली आपल्या राज्यात सुरू झालेल्या 'सीखो-कमाओ' योजनेत शिकाऊ उमेदवारास दरमहा द्यावयाचे विद्यावेतन असे ठरले: बारावी झालेल्यास ८,०००, आयटीआयवाल्यास ८,५००, पदविकाधारकास ९,००० आणि पदवीधरास १०,०००. बारावीनंतरच्या तीन-चार वर्षांच्या शिक्षणाने महिन्याला पडलेला फरक दोन हजारांचा. ही योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. काम शिकता शिकता दोन पैसे मिळणे केव्हाही चांगलेच. परंतु मुलाला कोणत्या महाविद्यालयात घालावे, यासाठी कर्ज काढायला निघालेल्या पालकांनी हे चार आकडे एकदा कागदावर लिहून पाहावेत.

याहूनही मनाला लागणारी एक गोष्ट आमच्या कानावर आली. आमच्या धर्मग्रामातील बी.एससी., बी.एड. झालेली एक मुलगी शहरातील एका खासगी शाळेत शिकवीत असे. पावतीवर सही एका रकमेची, हातात पडे ती दुसरीच. आम्ही तिला विचारले, की हे कबूल का केलेस? ती म्हणाली, "नाही म्हटलं असतं, फादर, तर बाहेर दहाजणी उभ्या होत्या."

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात याच प्रश्नाला हात घातला होता. मजुराने निरुपायाने तुटपुंज्या वेतनास होकार दिला, तरी तेवढ्याने तो व्यवहार न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे पोट भरेल इतके वेतन हा न्यायाचा विषय आहे, सौद्याचा नव्हे, अशी त्यांची शिकवण आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिताना, शिकून-सवरून तयार झालेल्या तरुणांना काम न मिळणे ही विशेष वेदनादायक गोष्ट असल्याचे नमूद केले. आणि २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महाशयांनी 'लिओ' हे नाव घेताना त्या १८९१ च्या परिपत्रकाचीच आठवण करून दिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात मानवी श्रमाची प्रतिष्ठा पुन्हा पणास लागली आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा पगार हा केवळ घरगुती किंवा बाजारी विषय आहे, त्याचा धर्माशी काय संबंध, असे कॅथॉलिक माणसाला म्हणता येणार नाही.

मग आपण करावे तरी काय? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट पालकांसाठी. घरात पगाराचा खरा आकडा बोलला जावा. पॅकेजचा नव्हे, हाती येणारा. ज्या घरी खरा आकडा सांगण्याची लाज वाटत नाही, त्या घरी मुलगा संकट लपवणार नाही. महाविद्यालयात नाव घालण्यापूर्वी मागील वर्षी तेथून बाहेर पडलेल्या दोन-चार मुलांना भेटावे. जाहिरातीवर छापलेला सर्वांत मोठा पगार एखाद्यालाच मिळतो. मधल्या मुलाला किती मिळाला, ते विचारावे.

दुसरी गोष्ट तरुणांसाठी. स्पर्धा परीक्षा अवश्य द्यावी, परंतु तिला मुदत घालावी. दोन वर्षे, फार तर तीन. ती मुदत घरच्यांशी बोलून आधीच ठरवावी, आणि वाट पाहतानाही हाताला एखादे काम लावून घ्यावे. गोविंदपुऱ्याच्या लहान कारखान्यांत किंवा मंडीदीपला शिकाऊ म्हणून राहण्यात कमीपणा नाही. आपल्या प्रभूने वयाची बहुतेक वर्षे नाझरेथच्या सुतारशाळेत घालवली.

तिसरी गोष्ट आम्हा धर्मगुरूंसाठी आणि संस्थाचालकांसाठी, आणि ती सांगताना आमची मान प्रथम खाली जाते. व्यासपीठावरून न्याय्य वेतनाचा उपदेश करणाऱ्याने आधी आपल्या आवारातील शिक्षिका, कारकून, स्वयंपाकी आणि माळी यांच्या वेतनाची वही उघडावी. तसेच धर्मग्रामात कारखानदार आहेत, निवृत्त अभियंते आहेत, बँकेतील अधिकारी आहेत. त्यांनी वर्षाकाठी एकेका मुलाला हाताशी धरून काम दाखवले, ओळख करून दिली, तरी पुष्कळ होईल. दाखल्यातील धनी मजुरांची वाट पाहत घरी बसला नव्हता. तो एका दिवसात पाच वेळा स्वतः बाजारात गेला होता.

तेव्हा आम्हीही एका संध्याकाळी त्या तरुणाच्या घरी गेलो. पगाराचा विषय काढला नाही. चहा झाला, त्याच्या बहिणीच्या परीक्षेविषयी बोलणे झाले. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि आपण होऊनच सांगू लागला; किती ठिकाणी अर्ज केले, कोठे बोलावले, कोठे उत्तरच आले नाही, आणि एका ठिकाणी शिकाऊ म्हणून जितके देऊ केले तितके त्याला वडिलांना सांगवेना. आम्ही फाटकाशी उभे राहून सारे ऐकून घेतले. त्याला नोकरी मिळवून देण्याचे सामर्थ्य आमच्यापाशी नाही. पुढच्या रविवारी तो आपल्या देवळात आला, एवढेच आम्ही सांगू शकतो.

१ मे हा कामकरी संत योसेफाचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली ख्रिस्तसभेला दिला. त्या संताविषयी शुभवर्तमानात फार थोडे लिहिले आहे. तो सुतार होता आणि नीतिमान होता, एवढे आपल्याला कळते. त्याला दिवसाकाठी मजुरी किती मिळत होती, हे कोठेही सांगितलेले नाही. येत्या रविवारी आवारात एखादा तरुण भेटला, तर वाचकहो, आपणही त्याला तो आकडा विचारू नये. तो कसा आहे हे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे.