मराठीचा विद्यार्थी हेलसिंकीला कशाला?

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याने फिनलंड, नॉर्वे किंवा स्वीडनच्या विद्यापीठात शिकायला जाण्याचा विचार बोलून दाखवला, की प्राध्यापक-कक्षात एक ठराविक हसू पसरते. हसून झाले की प्रश्न येतो : ‘तिथे जाऊन मराठीचे काय करणार?’ संगणकशास्त्राच्या मुलाला असे कुणी विचारत नाही. त्याच्याशी बोलणे होते ते कर्जाचे आणि थंडीचे. मराठीच्या मुलापुढे मात्र त्याच्या विषयाची लायकीच चर्चेला घेतली जाते, आणि ती घेणारे त्याच विषयावर पगार घेत असतात. या प्रश्नाला व्यवहारीपणा म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांस तो निव्वळ अडाणीपणा वाटतो, आणि तसे म्हणण्याची कारणे आम्ही इथे मांडत आहोत.

धाराशिव तालुक्यातले बेंबळी हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. तिथली एखादी मुलगी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवते, त्यांवर एम.ए.चा प्रबंध लिहिते आणि म्हणते, मला पुढे लोकसाहित्य हेलसिंकीत शिकायचे आहे. या मुलीला आम्ही काय सांगणार? ओव्या बेंबळीत आहेत तर बेंबळीतच राहा, हे सांगणे सोपे आहे. पण लोकसाहित्य ही विद्याशाखा म्हणून ज्या थोड्या ठिकाणी प्रथम उभी राहिली, त्यांत हेलसिंकीचे नाव अग्रभागी आहे, हे आपण वर्गात शिकवतो की नाही? लोककथांच्या प्रकारांची सूची अँटी आर्ने या फिनिश अभ्यासकाने १९१० साली केली. पुढे स्टिथ थॉम्प्सनने ती दोनदा वाढवली आणि ‘आर्ने-थॉम्प्सन’ हे जोडनाव आपल्या टिपणांत आले. ते नाव परीक्षेला चालते, आणि ते जिथून आले तिथे जायचे म्हटले की हसू येते!

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला तरी ती भिडायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिनलंडमध्ये शिक्षणाची, न्यायाची, प्रतिष्ठेची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही कुणब्यांची, मोलकरणींची बोली. १८३१ साली हेलसिंकीत फिनिश साहित्य संस्था निघाली. एलियास लॉनरोट नावाचा डॉक्टर करेलियाच्या खेड्यांत हिंडून म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घेत होता. त्यांतून त्याने १८३५ साली ‘कालेवाला’ रचले आणि १८४९ मध्ये ते वाढवून पुन्हा काढले. १८६३ मध्ये झारच्या फर्मानाने फिनिशला कारभारात बरोबरीचा हक्क देण्याचे ठरले, तेव्हा त्यामागे या गाण्यांचे बळ होते. आता बेंबळीकडे या. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी उरली ती घरात, शेतात, कीर्तनात आणि जात्यावर. आम्ही उर्दूशी भांडत नाही. आमच्या जुन्या पिढीने तिच्यावर प्रेमच केले. आमचे म्हणणे एवढेच, की राजभाषेच्या सावलीत मौखिक परंपरा कशी टिकते या प्रश्नावर बेंबळीच्या मुलीला फिनलंडमध्ये ऐकण्यासारखे पुष्कळ आहे आणि सांगण्यासारखेही आहे. तौलनिक अभ्यास याहून वेगळा काय असतो?

उत्तर युरोप आणि मराठी यांचा संबंध असा दुरान्वयाने जोडावा लागतो, असे कुणी म्हणेल. त्यांनी ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड उघडावा. मराठीच्या बोलींवरचा हा खंड १९०५ साली निघाला आणि तो तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तिथून आपण आधुनिक मराठी नाटकाचे एक पर्व मोजतो. त्या नाटकाचे मूळ ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराकडे आहे. पंढरपूरच्या पुंडलिकाच्या आख्यायिकेवर एरिक रेनबर्ग सँड या डॅनिश अभ्यासकाने लिहिले आहे. नॉर्वेच्या माणसाला मराठी बोलींचे व्याकरण मांडण्यात कमीपणा वाटला नाही. मराठीच्या माणसाला नॉर्वेत जाऊन मराठीबद्दल बोलायला का वाटावा?

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली पैशाची. ‘तिकडे शिक्षण फुकट असते’ ही अफवा गावोगावच्या सल्लागार-दुकानांतून अजून विकली जाते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि शेवटी नॉर्वेने २०२३ मध्ये शुल्क लावले. ते दार मिटले. त्यावर राहण्या-खाण्याची सोय आहे हे बँकेच्या कागदांनी दाखवावे लागते, ते वेगळेच. दोन एकर कोरडवाहू गहाण टाकून पदव्युत्तर पदवीला जा, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. पण याच देशांत पीएच.डी.ची गोष्ट निराळी आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये संशोधक-विद्यार्थी हा बहुधा पगारी नोकर असतो. फिनलंडमध्येही डॉक्टरेटला शुल्क नाही, पगारी जागा मात्र मोजक्या. म्हणजे दार उघडे आहे ते संशोधनाचा नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्याला. हे सल्लागार सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचे कमिशन नाही.

दुसरी अडचण सरकारने निर्माण केली. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. जागा देशभरात १२५. २०२२ साली तिच्या नियमांत एक कलम आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असे, की या विषयांची साधने देशातच विपुल आहेत. प्राध्यापक-कक्षातले हसू इथे राजपत्राची भाषा बोलू लागले, एवढाच फरक. ज्या समाजाच्या मुलांनी आपल्याच समाजाकडे बाहेरून पाहण्याची सर्वांत अधिक गरज, नेमके त्यांनाच सांगितले गेले की अभियांत्रिकी शिका, जातीबद्दल लिहायचे तर घरी बसून लिहा. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. या कलमाखाली तो विषय बाद ठरला असता. यावर मराठी विभागांतून केवढे काहूर उठायला हवे होते! चर्चासत्रे झाली ती ‘मराठी भाषा : दशा आणि दिशा’ या विषयावर.

तिसरी अडचण आमच्याच व्यवसायाची आहे आणि तीच आम्हांस सर्वांत जिव्हारी लागते. परदेशी विद्यापीठ दोन कागद मागते : विद्यार्थ्याचा संशोधन-प्रस्ताव आणि शिक्षकांची शिफारसपत्रे. प्रस्तावात विचारतात, तुझा प्रश्न कोणता, आजवर त्यावर कुणी काय म्हटले, तुझे त्यांच्याशी कुठे पटत नाही. आपल्या विभागांत प्रबंधाची सुरुवात ‘लोकसाहित्य : व्याख्या आणि स्वरूप’ या प्रकरणाने होते, दहा व्याख्या एकाखाली एक उतरवल्या जातात आणि मतभेद हा उद्धटपणा मानला जातो. अशा तालमीत वाढलेल्या मुलीने इंग्रजीत दोन पानी प्रश्न मांडावा कसा? इंग्रजी ही त्यातली धाकटी अडचण. ती सहा महिन्यांत सुधारते. शिफारसपत्राची तऱ्हा तर पाहण्यासारखी असते. महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर जावक क्रमांक घालून लिहितात की सदर विद्यार्थिनी अमुक वर्षापासून आमच्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे. हा चारित्र्याचा दाखला झाला. हेलसिंकीतल्या निवड समितीला तिची वर्तणूक नको असते. त्यांना जाणून घ्यायचे असते की तिने किती ओव्या जमवल्या, कोणाकडून, त्यांत नवे काय दिसले आणि मार्गदर्शकाने त्यावर तिच्याशी काय वाद घातला.

जाऊन परत आली नाही तर, असेही विचारले जाते. न येवो! वही तर गावात राहीलच, आणि तिची एक प्रत तिथल्या संग्रहात असेल.

यासाठी नव्या योजनेची वा अनुदानाची वाट पाहायला नको. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी व्याख्यांचे प्रकरण काढून त्या जागी दोन पानी प्रस्ताव मराठीत लिहून घ्यावा, तो वर्गात सर्वांदेखत फोडावा, मग इंग्रजीत करवून घ्यावा. आणि जिच्यासाठी शिफारसपत्र लिहायचे, तिची ओव्यांची वही आधी घरी नेऊन वाचावी. स्वीडनमधल्या पदव्युत्तर अर्जांची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते; पीएच.डी.च्या जागा वर्षभर निघत असतात. दिवाळीच्या सुट्टीत वही वाचून होते.