वाचलेली मिनिटे कोणाच्या पदरात?

फोर्ड कंपनीने २ डिसेंबर १९२७ रोजी ‘मॉडेल ए’ मोटार लोकांपुढे आणली, तेव्हा तिचा क्लच अनेक तबकड्यांचा होता. चालक आणि चालित तबकड्या एकाआड एक रचून तो जोडावा लागे. वर्षभरातच, १९२८ च्या अखेरीस, कंपनीने तो टाकून दिला आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाणारी एकच तबकडी बसवली. सुटे भाग कमी, जोडणी सोपी, खर्च कमी. शिवाय फिरते वजन घटल्याने गिअर बदलणेही सुलभ झाले. ही सुधारणा चांगलीच होती, हे आधी मान्य केलेले बरे. यंत्र सोपे झाले म्हणून शोक करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. आपल्यातील काही साथींना प्रत्येक नव्या यंत्रात शत्रू दिसतो. त्यांच्याशी प्रस्तुत लेखकाचे कधीच जमले नाही.

परंतु मुक्त बाजारपेठेचे कैवारी अशा उदाहरणांवरून जो निष्कर्ष काढतात, तो सरळसरळ फसवा आहे. त्यांचे म्हणणे असे की, जोडणी स्वस्त झाली की माल स्वस्त होतो, खप वाढतो आणि कामगाराचे कल्याण आपोआप होते. माल स्वस्त होतो हे खरेच आहे. प्रश्न आहे तो ‘आपोआप’ या शब्दाचा.

हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली सरकता पट्टा आला आणि चॅसीच्या जोडणीचा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून वर्षभरात ९३ मिनिटांवर आला. जानेवारी १९१४ मध्ये कामाचा दिवस नऊ तासांचा आठ तास झाला, पाच डॉलर रोजही जाहीर झाला. याला मालकाचे औदार्य म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती अशी की, त्या जीवघेण्या कामाला विटून कामगार सोडून जात होते. १९१३ मधील गळती साडेतीनशे टक्क्यांहून अधिक होती. कामगार टिकेना, तेव्हा मालकाची मूठ सैल झाली. यात आपोआप काय घडले?

आणि ती मूठ पुन्हा आवळलीही गेली. मे १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’ बंद झाली; नवी मोटार तयार होईपर्यंत हजारो कामगार कित्येक महिने वेतनाविना बसले. पुढे मंदी आली. ७ मार्च १९३२ रोजी डिअरबॉर्नला फोर्डच्या दारावर निघालेल्या भूक मोर्चावर पोलिसांनी व कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. चौघे त्या दिवशी मेले, पाचवा नंतर. एका तबकडीने वाचवलेली मिनिटे त्यांच्या घरी पोचली नव्हती. कंपनीने युनियनशी करार केला तो १९४१ साली, संपानंतर.

हे जुने पुराण उगाळण्याचे कारण आजचे आहे. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींना क्लच लागतच नाही. अनेक तबकड्यांची एक झाली होती, आता एकीचीही गरज उरली नाही. चाकण, भोसरी, वाळूज येथील ज्या लहान कारखान्यांत इंजिनाचे, क्लचचे, गिअरचे भाग बनतात, तेथील कामगारांना हा बदल कोणी आधी विचारून करणार आहे काय? कंत्राटी कामगाराला तर वाटाघाटीत आज खुर्चीच नाही. म्हणून आपल्या युनियनांनी पुढील मागणीपत्रात वेतनवाढीच्या आकड्याआधी हे कलम घालावे: नव्या आराखड्याची माहिती तो कायम होण्यापूर्वी युनियनला मिळावी, वाचलेल्या वेळाचा वाटा वेतन न कापता कमी तासांच्या रूपाने द्यावा, आणि नव्या कामाचे शिक्षण मालकाच्या खर्चाने, कंत्राटी कामगारांसह सर्वांना मिळावे.