निवडुंगाला हवी कोरडी थंडी

नर्सरीतून हौसेने आणलेला छोटा निवडुंग पहिल्याच पावसाळ्यात मऊ पडून सडला, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. बहुतेक वेळा त्याचे कारण दुर्लक्ष नसते, जास्तीची माया असते. सकाळी अम्मी पाणी घालतात, दुपारी मुले घालतात, संध्याकाळी अब्बा पेल्यातले उरलेले ओततात. म्हणून आम्ही आधी हेच सुचवू की, पाण्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीकडे द्यावी.

विकत घेताना पारख करा. माथ्यावरचे कोरडे, रंगीत फूल कधीकधी नुसते चिकटवलेले असते. लाल किंवा पिवळा गोळा हेही फूल नव्हे. ते दुसऱ्या निवडुंगावर केलेले कलम असते. फुलांसाठी मॅमिलेरिया चांगला. हा मुख्यतः मेक्सिकोचा. त्याच्या माथ्याभोवती गुलाबी, पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलांचे कडे उमलते.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली आणि झाडापेक्षा थोडीच मोठी घ्यावी. निम्मी माती आणि निम्म्यात जाडी वाळू व विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. झाड हलवताना वर्तमानपत्राची जाड पट्टी भोवती गुंडाळावी, म्हणजे काटे टोचत नाहीत. कुंडी तीन-चार तास ऊन येणाऱ्या खिडकीत, पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

पाण्याआधी मातीत काडी खुपसून पाहा. ओली माती चिकटली, तर थांबा. कोरडी निघाली, तर तळातून पाणी वाहेपर्यंत घाला आणि बशीत साचलेले फेकून द्या. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवून पाणी फारच कमी करा.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. थंड आणि कोरड्या दिवसांत झाड विसावा घेते. या विसाव्यानंतरच कळ्या धरतात. झाड थोडे आक्रसले तरी घाबरू नका, त्याच्या अंगात पाण्याचा साठा असतो. कळ्या दिसल्या की हळूहळू पाणी सुरू करा.

मॅमिलेरियाची फुले बहुधा मागच्या वर्षीच्या वाढीवर येतात. त्यामुळे यंदा फूल दिसले नाही, म्हणून कुंडी टाकून देऊ नका. यंदाचे ऊन आणि यंदाचा विसावा पुढच्या वर्षी कामी येतो.