धक्के किती बसले?



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिले नाही. कारणे दोन. एक हिची मान आणि दुसरा माझा राग. मान आता बरी आहे. राग गेलेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे. घरची मंडळीही हे पान वाचतात, त्यांच्यापैकी काहींना पुढचा मजकूर बोचेल. बोचू द्या. मला स्वतःलाही तो बोचतोच आहे.

तर झाले असे. गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याहून पुण्याला निघालो. पुतण्या गाडी चालवत होता, सूनबाई त्याच्या शेजारी, मागे आम्ही दोघे म्हातारे आणि मध्ये फराळाचे डबे. खंबाटकीचा बोगदा झाला, शिरवळ गेले आणि खेड-शिवापूरचा टोलनाका जवळ आला तशी गाड्यांची रांग लागली. पुढची गाडी थांबली, आम्ही थांबलो, आमच्या मागे एक लहान गाडी येऊन थांबली. दोन-चार सेकंद गेले असतील. मागून मोठा आवाज झाला, लगेच आमच्या पाठीत दणका बसला आणि आमची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळली! सगळ्या चकल्या हिच्या मांडीवर. चार गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. शेवटची चांगली धिप्पाड, उंच. ती थांबलेल्या रांगेवर येऊन आदळली होती.

मग रस्त्यावरचे न्यायालय भरले. आपल्याकडे या न्यायालयाला वेळ लागत नाही. पाच मिनिटांत वीस न्यायाधीश जमले आणि त्यांनी निकाल दिला : "मागच्याने पुढच्याचं भरायचं. सरळ हिशेब आहे." म्हणजे धिप्पाड गाडीवाल्याने लहान गाडीचे भरायचे, लहान गाडीने आमचे आणि आम्ही सर्वांत पुढच्या गाडीचे. धिप्पाड गाडीवाल्या साहेबांना हा निकाल फारच आवडला. "मी माझ्या पुढच्या गाडीचं बघतो, बाकीचं तुम्ही आपापसात मिटवा," असे म्हणून ते फोनवर बोलू लागले.

पुढच्या गाडीतून एक आजीबाई उतरल्या होत्या. मी सहज विचारले, "आजी, तुम्हाला धक्के किती बसले?" त्या म्हणाल्या, "एकच हो, पण असा बसला की कवळी हलली."

एकच धक्का! मंडळी, सारा खटला या एका शब्दात होता. आमची गाडी आपणहून आदळली असती आणि नंतर मागून कोणी आम्हाला ठोकले असते, तर आजीबाईंना बहुधा दोन धक्के बसले असते, आधी आमचा आणि मग मागून आलेला. धक्का एकच बसला, याचा सरळ अर्थ आम्ही उभे होतो आणि ढकलले गेलो. पण हे ऐकायला कोणाला वेळ होता? पुढच्या गाडीवाल्याने पुतण्याकडून कागदावर लिहून घेतले, "माझ्या गाडीने धडक दिली, नुकसान मला मान्य आहे." वर बारा हजार रुपये मोबाईलवरून घेतले.

आणि आता बोचणारी गोष्ट. पुतण्या माझ्याकडे बघत होता. "काका, काय करू?" आणि मी, चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा मास्तर, म्हणालो, "दे रे, सोडून दे. उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला मान वळवता येईना. डॉक्टर म्हणाले, मागून धक्का बसला की धड पुढे जाते आणि डोके मागे राहते, त्यात मानेचे स्नायू ताणले जातात. सहा आठवडे गळ्याला पट्टा. आणि विमा कंपनीच्या माणसाने तो कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, कबुली कशाला दिलीत?"

मी पॉलिसी काढून वाचायला बसलो. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, पॉलिसी इंग्रजीत आणि अक्षरे मुंगीएवढी. शब्दकोश आणि भिंग घेऊन दोन दुपारी घालवल्या. त्यात स्पष्ट अट आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणतीही कबुली, वचन किंवा रक्कम द्यायची नाही. म्हणजे मी ज्याला समजूतदारपणा समजत होतो, तो कराराचा भंग होता! ही अट किती जणांना ठाऊक आहे? ज्या कागदासाठी मराठी माणूस दरवर्षी पैसे भरतो, तो त्याला मराठीत का मिळू नये?

असो. आमच्या गाडीची दुरुस्ती आमच्याच विम्यातून झाली. कंपन्यांच्या व्यवहारात 'नॉक फॉर नॉक' नावाची एक रीत आहे. ज्याची गाडी त्याच्या कंपनीने दुरुस्त करायची, चूक कोणाची हे उकरत बसायचे नाही. कोर्टकज्जे वाचतात, हा तिचा फायदा मला मान्य आहे. पण ज्याच्याकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नाही, फक्त सक्तीचा 'थर्ड पार्टी' आहे, त्याला या रीतीचा काडीचाही उपयोग नाही. आणि ज्याच्याकडे पूर्ण विमा आहे तो 'नो क्लेम बोनस' गमावतो. जरा हिशेब करू या. सलग पाच वर्षे दावा न केल्याने पुतण्याला ५० टक्के सूट होती. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० रुपये धरला, तर तो ५,००० भरत होता. आता सूट शून्य, म्हणजे पहिल्या वर्षी ५,००० जास्त. मग २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा शिडी चढायची, म्हणजे ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० जास्त. बेरीज १२,५००. हा दंड कोणाला? जो नियमाने उभा होता त्याला!

आता "मागचाच चुकला" या सूत्राकडे येतो. ते सूत्र मुळात खोटे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो. पुढच्याशी किती अंतर ठेवायचे हे मागच्याच्याच हातात असते, म्हणून जबाबदारीही प्रथम त्याची. २०१८ मध्ये निशान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. ट्रकने अचानक ब्रेक लावला असे म्हणणे होते, पण मागची मोटार दहा-पंधरा फुटांवरून चालली होती आणि पुरेसे अंतर न ठेवण्याचा दोष न्यायालयाने मोटारचालकाचाच धरला.

पण ते सूत्र आहे, आंधळा कायदा नाही. २०२५ मध्ये याच न्यायालयाने कोइमतूरच्या एका अपघाताचा निकाल दिला. हमरस्त्यावर एका मोटारवाल्याने खूण न करता अचानक ब्रेक लावला. (गर्भवती पत्नीला उलटीची भावना झाली, असे त्याचे म्हणणे.) मागून येणारा दुचाकीवरचा विद्यार्थी त्या मोटारीवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय गेला. न्यायालयाने दोष वाटून दिला : ब्रेक लावणाऱ्या मोटारवाल्याचा ५० टक्के, बसचा ३० टक्के आणि त्या मुलाचा २० टक्के. बघा, सर्वांत मोठा वाटा सर्वांत पुढच्याचा! दोष हा अपूर्णांक असतो मंडळी, आणि तो रांगेतल्या जागेवरून ठरत नाही, कृतीवरून ठरतो.

आणि गाडीत नुसत्या बसलेल्या माणसाचे काय? अनेकांच्या चुकीमुळे निर्दोष माणसाला इजा झाली, तर तो सगळी भरपाई त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही मागू शकतो, असे २०१५ मध्ये खेन्येई यांच्या खटल्यात ठरलेले आहे. त्यांनी आपापसातला हिस्सा नंतर बघावा. हिच्या मानेला हा अधिकार होता. मी तो टोलनाक्यापाशी उशीर होतो म्हणून कमकुवत करून आलो.

ज्यांना "मागच्याने पुढच्याचे भरायचे" हा सरळ हिशेब वाटतो, त्यांना एकच विचारतो. त्याच रस्त्यावर, पुण्याच्या तोंडाशी नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. तिथे कोणी म्हणेल का, की विसाव्या गाडीने एकविसावीचे भरावे आणि ट्रकने फक्त पहिलीचे? मग चार गाड्या असल्या की आपली बुद्धी कुठे जाते?

आमचे एक व्यवहारी मेहुणे म्हणतात, "भावजी, बारा हजारांसाठी कोण पोलिसांत जातो? डोकं शांत राहिलं ना!" पटण्यासारखे आहे. पण डोके शांत कोणाचे राहिले? त्या धिप्पाड गाडीवाल्याचे. लहान गाडीचे थोडेसे पैसे देऊन तो सुटला. आपण प्रत्येक वेळी सोडून देतो आणि चुकणारा प्रत्येक वेळी शिकतो की चूक स्वस्त असते. शिवाय आपल्या विम्यातून दुरुस्ती करून घेणे आणि दुसऱ्याची चूक आपल्या सहीने कबूल करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल करा. दुसरी करू नका.

एक जुनी आठवण इथे सांगायलाच हवी. शाळेत प्रार्थनेनंतर मुले रांगेने जिना चढत. एकदा मधला मुलगा पुढच्यावर पडला, पुढच्याचे गुडघे फुटले. मधला रडत म्हणाला, "सर, मला मागून ढकललं." मी न ऐकता त्यालाच छडी दिली. दिसला तोच ना! त्या दिवशी मागे वळून बघितले असते तर दोन मिनिटे लागली असती. त्या मुलाचा चेहरा मला टोलनाक्यावर पुतण्यात दिसला आणि तरीही मी दुसऱ्यांदा तीच छडी मारली.

म्हणून हात जोडून सांगतो. गाड्या हलवण्याआधी बाजूने फोटो काढा, दोन गाड्यांमधले अंतर आणि सगळे नंबर दिसतील असे. प्रत्येक गाडीतल्या माणसाला विचारा, धक्के किती बसले, आधी मागून की आधी पुढून, आणि जमल्यास मोबाईलवर बोलणे टिपून घ्या. कोणाला लागले असेल तर आधी त्याचे बघा, ११२ ला फोन करा आणि पोलिसांत नोंद होऊ द्या. कंपनीला तिथूनच कळवा. आणि कोणी कितीही ओरडो, "चूक माझी" असे लिहून देऊ नका.

पुतण्या परवा आला होता. म्हणाला, "काका, मी पुढच्या गाडीच्या फार जवळ थांबलो होतो. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं तरी अंतर हवं होतं." खरे आहे त्याचे. तेवढा अपूर्णांक त्याचा. पण त्याने पूर्णांक उचलला, आणि तो उचलायला मी सांगितले. त्याची माफी मी घरात मागितली आहे, इथेही मागतो.

तुमचे असे काही अनुभव असतील तर जरूर कळवा. आणि मेहुणे, तुम्हीही लिहा. वाट बघतो आहे!