हुकला म्हणालो, तो वार

डीएमने पडद्याआड फाशाचा आकडा बदलू नये. कॅरेक्टर मरत असलं तरी नाही. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही; मी स्वतः बदललाय.

आमचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं कॅम्पेन पुण्यात माझ्या डायनिंग टेबलवर तीन वर्षं चाललं. दर रविवारी. मी डीएम, म्हणजे जग चालवणारा आणि राक्षसांचे फासे पुठ्ठ्याच्या पडद्यामागे टाकणारा. एकदा एका मैत्रिणीची तिरंदाज बेशुद्ध पडली. पाचव्या आवृत्तीत अशा वेळी तीन अपयशं म्हणजे मरण. तिची दोन झालेली. समोर ट्रोल. बेशुद्ध पडलेल्यावर जवळून वार करताना 20 बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात. मला 11 आणि 18 पडले. मी म्हणालो, "हुकला!" सगळ्यांनी जल्लोष केला.

वर्षभराने तिने सहज विचारलं, "तो वार खरंच हुकला होता का रे?" मी गप्प. ती म्हणाली, "मग ड्रॅगन आम्ही मारला, की तू मारू दिलास?"

ड्रॅगनच्या वेळी मी एकही आकडा बदलला नव्हता. पण आता ते कोण मानणार? एक खोटा फासा मागच्या सगळ्या खऱ्या विजयांनाही खोटं पाडतो. लांबलचक कॅम्पेनमध्ये कमाई असते ती आठवणींचीच, आणि मी त्यातच भेसळ केली.

लोक म्हणतात, नियमांतच मुभा आहे. आहे. 2014च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्येच लिहिलंय, की पडद्यामागे फासा टाकला तर निकाल फिरवता येतो. म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. दुसरं म्हणतात, "गोष्ट महत्त्वाची." गोष्ट आधीच ठरली असेल तर कादंबरी लिहा ना, चार जणांचे रविवार कशाला घेता? शकुनीने वैरापोटी कपट केलं, आपण मायेपोटी करतो. फसणाऱ्याला दोन्हीकडे वाटतं, आपण खेळतोय.

मरण नको असेल तर फासा टाकण्याआधी ठरवा. माझा ट्रोल तिला फरफटत गुहेत नेऊ शकला असता. नाहीतर पहिल्याच सेशनला सांगा, इथे कुणी मरणार नाही. पण टाकलेला फासा सगळ्यांचा.

मी पडदा काढून टाकलाय. आता फासे स्टीलच्या ताटात, सगळ्यांसमोर पडतात. नव्या कॅम्पेनमध्ये तिचं कॅरेक्टर चौथ्याच सेशनला मेलं. ती तासभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी नवी कॅरेक्टर शीट घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होती.