न घाबरणारे सैन्य न चुकणारे नसते : एक थ्रेड

१/ विज्ञानकथांवर आधारलेल्या टेबलटॉप वॉरगेममध्ये यंत्रमानवांचे सैन्य आले, की नियमकर्ते बहुधा एकच ओळ लिहून मोकळे होतात : यंत्राला भीती नसते, म्हणून मनोधैर्याची चाचणी नाही. ओळ तर्कशुद्ध वाटते. प्रत्यक्षात ती युद्धखेळाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासावर बोळा फिरवते.

२/ पूर्ण आज्ञाधारक सैन्य ही विज्ञानकथेची देणगी नव्हे. बुद्धिबळाच्या पटावर ते शतकानुशतके उभे आहे. तिथे प्यादे बिचकत नाही, उंटाला आदेश उशिरा मिळत नाही, घोडा वाट चुकत नाही. खेळाडूच्या मनात येते तेच, त्याच क्षणी घडते.

३/ १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या योहान हेलविगने हाच पट वाढवला. १,६१७ घरे, भूप्रदेशानुसार त्यांचे वेगवेगळे रंग. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना. तरीही तुकड्या सोंगट्यांसारख्याच निमूट चालत राहिल्या. पटाला रणभूमीचे रूप आले, गोंधळ मात्र आला नाही.

४/ तो आणला १८२४ मध्ये, प्रशियाच्या सैन्यातील तरुण अधिकारी राइसवित्स याने. त्याच्या ‘क्रीगश्पील’मध्ये घरे गेली आणि १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. एक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. खेळाडू आदेश लिहून पंचाकडे देई. तो तुकडीपर्यंत केव्हा पोहोचला, हे पंच ठरवी. चकमकीचा निकाल फासा देई. नजरेआडचा शत्रू पटावर मांडलाच जात नसे.

५/ सेनापतीची इच्छा आणि सैन्याची कृती यांच्यामधले अंतर इथे प्रथमच खेळाचा विषय झाले. त्याच प्रशियन सैन्यातील क्लाउजेवित्सने या अंतराला ‘घर्षण’ म्हटले. त्याचा ग्रंथ १८३२ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला. भीती हा या घर्षणाचा केवळ एक भाग. उशीर, अपुरी माहिती, चुकीचा समज आणि बिघाड हे बाकीचे. यंत्र आले म्हणून त्यांतले काय संपते?

६/ उत्तर इतिहासात आहे. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत सैन्याने फिनलंडविरुद्ध रेडिओने चालणारे रणगाडे उतरवले. त्यांना चालवणारा माणूस मागच्या रणगाड्यात बसलेला असे. पुढच्या निर्मनुष्य रणगाड्याची दृष्टी म्हणजे मागच्या माणसाची दृष्टी.

७/ जर्मनांचे ‘गोलियाथ’ १९४२ पासूनचे : स्फोटके वाहणारे, तारेने चालवले जाणारे छोटे यंत्र. १९४४ च्या वॉर्सा उठावात ते बंडखोरांवर सोडण्यात आले. त्याला भय ठाऊक नव्हते; पण तार तुटली, की ते जागीच निकामी होई. बंडखोर त्या तारेच्याच मागे लागत.

८/ २५ फेब्रुवारी १९९१, धहरान. अमेरिकेची पेट्रिएट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. तिच्या घड्याळात सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश इतकी चूक साचली होती. येणारे स्कड क्षेपणास्त्र तिला पकडता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. यंत्रणा घाबरली नाही, तिने आज्ञाभंगही केला नाही.

९/ चांगले नियमकर्ते हे ओळखून होते. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या १९८७ च्या पहिल्या पुस्तकात यंत्रमानवांसाठी खेळाडूला आधीच कार्यक्रम लिहून ठेवावा लागे. प्रसंग बदलला तरी यंत्र लिहिल्याप्रमाणेच वागे. चूक यंत्राच्या हातून घडे, पण ती लिहिणाऱ्याची असे.

१०/ त्याच खेळातील नेक्रॉन सैन्याचा २००२ चा नियम पाहावा. पडलेले योद्धे फाशावर ४ वा अधिक आल्यास पुन्हा उठत. मात्र एक-चतुर्थांशाहून कमी उरले, की सारे सैन्य अदृश्य होऊन डाव हरे. यंत्रांनाही मोडण्याचा बिंदू होता आणि तो भीतीवाचून साधला होता. २०११ मध्ये तो वगळण्यात आला. प्रतिस्पर्ध्याच्या हातची एक खरी युक्ती त्याबरोबर गेली.

११/ यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : खेळ म्हणजे करमणूक, नियम थोडके हवेत. ‘स्टार वॉर्स : लीजन’ने २०१९ मध्ये ड्रॉइड सैन्य आणले. त्यातील साध्या ड्रॉइड तुकडीला आदेश मिळाला नसेल, तर शक्य असल्यास तिला आधी हल्लाच करावा लागतो. एका ओळीत सारे घर्षण आले. थोडके नियम आणि पोकळ नियम यांत फरक आहे.

१२/ दुसरा आक्षेप : निर्भयतेसाठी जास्त गुण मोजायला लावले, की हिशेब बरोबर. याने दोन्ही बाजू तुल्यबळ होतील, पण ते सैन्य कसे हरते हे कळणार नाही. शत्रूने तार कुठे कापावी, याचे उत्तर ज्या नियमात नाही, तो यंत्रसैन्याचा नियमच नव्हे.

१३/ म्हणून प्रत्येक नियमपुस्तिकेला तीन प्रश्न विचारावेत. आदेश कुठून येतो आणि तो तुटला तर काय? यंत्राला शत्रू आणि निःशस्त्र माणूस यांतला भेद कसा कळतो आणि तो चुकला तर काय? त्या चुकीची किंमत पटावर कोण मोजतो?

१४/ कारेल चापेकच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. त्याचे मूळ चेक भाषेतील ‘रोबोटा’त, म्हणजे वेठबिगारीत आहे. वेठीला धरणारा कोणीतरी असतो, हे त्या शब्दातच आहे. स्वयंचलित शस्त्रांवर जिनीव्हात २०१४ पासून राष्ट्रांची चर्चा चालू आहे आणि तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे : यंत्र चुकले तर उत्तरदायी कोण? ‘यंत्राला भीती नसते’ एवढे लिहून थांबणारा नियम त्या माणसाला पटावरून उचलून घेतो. राइसवित्सच्या खेळात निदान आदेशाच्या कागदावर त्याचे हस्ताक्षर तरी असे.