भाव लोखंडाला नसतो

जुन्या बंदुकीत घातलेला पैसा हमखास वाढतो, हा समज मला साफ चुकीचा वाटतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेलं, कारण १८८१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटने त्याच रिव्हॉल्व्हरने कुख्यात गुन्हेगार बिली द किडला मारलं होतं. त्याच बनावटीची इतर रिव्हॉल्व्हरं त्याच्या आसपासही पोचत नाहीत. गॅरेटचं ते रिव्हॉल्व्हर त्याच्या विधवेने कोर्टात भांडून परत मिळवलं होतं, म्हणजे ते कुणाचं हे कागदावर आलं. किंमत आली ती अशा कागदोपत्री मागाला. कुणी म्हणेल, दुर्मिळतेलाही भाव असतोच की! आहे ना. १९८६ च्या कायद्याने अमेरिकी नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी थांबली आणि जुन्या नोंदलेल्या महागल्या. पण ही टंचाई कायद्याने आणलेली, कायदा फिरला की तीही जाईल. कारखानदाराचाही भरवसा नाही: २००५ मध्ये बंद केलेलं ‘पायथन’ रिव्हॉल्व्हर कोल्टने २०२० मध्ये पुन्हा बाजारात आणलं. जुनी बंदूक घ्यायचीच तर स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत का, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, नळीवरचा मूळ निळसर मुलामा टिकलाय का, हे बघावं. हौसेने चकचकीत पॉलिश केलेल्या बंदुकीवरून शंभर वर्षांचा पुरावा पुसला जातो, आणि जाणता गिऱ्हाईक तिला हातही लावत नाही.